गाणं कुणाचं, हसू कुणाचं : जात्यापासून मोबाईलपर्यंत



बचत गटाची बैठक आठवा. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, की कुणीतरी पिशवीतून मोबाईल काढते. "हे बघ गं, कालपासून हसून हसून पोट दुखायलंय." मग पाच डोकी एका पडद्यावर. सासू-सुनेची नक्कल असते, एखाद्या आजीचं कालवण असतं, कुठलं तरी भजन असतं. लगेच मागणी येते, "मला पाठव", "गटावर टाक".

हे पाहून घरातलं कुणीतरी म्हणतंच, "या बायकांना मोबाईलनं बिघडवलं." त्यांना सांगता येईल अशी एक गोष्ट आज तुमच्यासाठी आणली आहे. आवडलेलं गाणं, हसवणारा किस्सा एकमेकींना देणं हे मोबाईलच्या कितीतरी आधीपासून आपल्या नांदेड-लातूरकडे चालत आलेलं आहे. दर काही वर्षांनी त्याचं साधन बदललं. साधन बदललं की दोन गोष्टी बदलल्या. एक, ते साधन कुणाच्या हातात आहे. आणि दुसरी, जे फिरतंय ते कुणाचं आहे हे आपल्याला माहीत आहे का. या दोन गोष्टी ध्यानात ठेवून पुढचं ऐका.

जातं आणि पंचमीचा फेर

पहिलं साधन होतं जातं. पहाटे अंधारात जात्याची घरघर सुरू व्हायची. ज्वारीचं दळण, समोरासमोर बसलेल्या दोघी, आणि ओवी. जात्यावर बसलेल्या बाईला कुणी "गप्प बस" म्हणत नसे, कारण काम तर चालूच असायचं. म्हणून जे दिवसा बोलता येत नव्हतं ते ओवीत यायचं. माहेरची आठवण, भावाचं कौतुक, विठ्ठलाशी भांडण, सीतेचा वनवास, आणि सासूला मारलेला टोमणासुद्धा. समोरची बाई गालातल्या गालात हसायची आणि दुसऱ्या दिवशी तीच ओवी आपल्या घरी म्हणायची.

ओवी गावाबाहेर कशी जायची? लेकींबरोबर. नागपंचमीला लेकी माहेरी यायच्या, झाडाला झोके बांधले जायचे, फेर धरला जायचा. लोह्याला दिलेली लेक सासरकडचं गाणं अहमदपूरला आणायची, औशाची लेक निलंग्याकडचं. देगलूर, धर्माबादच्या शिवेवर तेलुगू मैत्रिणींची चाल मराठी शब्दांना लागायची. लग्नात विहिणीला चिडवणारी गाणी, हळदीकुंकवातले उखाणे, त्यातल्या खोड्या, सगळं असंच फिरलं. आणि देणारी सांगायची, "हे माझ्या मोठ्या नणंदेनं शिकवलंय" किंवा "हे आमच्या मामाच्या गावचं." मूळ कुणी रचलं ते माहीत नसलं तरी आपल्यापर्यंत कुणाकडून आलं ते माहीत असायचं.

पुढे गावात पिठाची गिरणी आली. बायकांचे खांदे सुटले, पहाटेची झोप मिळाली. जातं गेलं म्हणून रडायचं कारण नाही. त्यावर दळणारीलाच त्याची कळ ठाऊक. पण गिरणीबरोबर ती गाण्याची वेळही गेली. ओव्या म्हणायला जागा उरली नाही.

त्या हरवण्याच्या आत काही माणसं गावोगाव फिरली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून आपल्या सहकाऱ्यांबरोबर बायकांच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावं झाली, १ लाखाहून जास्त ओव्या जमल्या. १९९६ मध्ये ते ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन मराठवाड्यात आले. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यांनी भरून घेतला. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार यांच्यासारख्या बायांनी बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या कुणालाही मोबाईलवर फुकट ऐकता येतात. तिथली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गावाचं नाव असतं. कुठं कुठं तर तिचा फोटो आणि तिची कहाणीही असते. शाळेत न गेलेल्या बाईची ओवी जगात गेली ती तिच्या नावानिशी गेली.

दारावरचे आणि जत्रेतले

दुसरं साधन होतं माणसाचे पाय. वासुदेव, गोंधळी, पोतराज, बहुरूपी, रायरंद, डवरी गोसावी. ही भटकी माणसं सुगी झाली की दारात यायची. बहुरूपी पोलिसाच्या वेषात येऊन घरधन्याला दम भरायचा आणि सगळा वाडा हसायचा. सुपातलं पसाभर धान्य ही त्यांची बिदागी. एका गावचा किस्सा दुसऱ्या गावात तेच घेऊन जायचे. आज आपण जे एका बोटानं पाठवतो ते हे लोक खांद्यावर झोळी टाकून, उन्हातान्हात चालत पोहोचवत होते. ही माणसं ध्यानात ठेवा, पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

मग जत्रा. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, उंटांचा बाजार, आणि रात्री तमाशाचे फड. महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची यात्रा. पुढे जत्रेत तंबूतला सिनेमाही आला आणि दादा कोंडक्यांच्या सिनेमांनी तंबू हसवून सोडले. पण तमाशाच्या कनातीत आपल्या घरच्या बायका बसल्या का? फडावर नाचणारी बाईच, गाणारी बाईच, आणि समोर सगळे पुरुष. घरच्या बाईला सोंगाड्याचा विनोद दुसऱ्या दिवशी कळायचा, तोही नवऱ्यानं किंवा दिरानं चाळून, गाळून सांगितलेला. फडावरच्या बाईची कला सगळ्यांना हवी होती, पण तिला घरात पाणी द्यायला कुणी तयार नव्हतं. आवडीच्या इतिहासात हा हिशेबही मांडला पाहिजे.

रेडिओचं बटण

तिसरं साधन भिंतीवरच्या फळीवर येऊन बसलं. आधी रेडिओ मोजक्या वाड्यांत किंवा ग्रामपंचायतीत असायचा. त्याचं लायसन्स काढून पोस्टात पैसे भरावे लागत. पुढे बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर स्वस्त झाला आणि शेताच्या बांधापर्यंत गेला. परभणीला आकाशवाणी केंद्र झालं आणि मराठवाड्याला आपल्या बोलीतला आवाज मिळाला. मुंबई केंद्राच्या श्रुतिकांतले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी हे तर घरचेच पाहुणे झाले होते. बाल कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांनी नुसत्या आवाजावर महाराष्ट्र हसवला.

फर्माईशीचे कार्यक्रम आठवतात का? आवडीचं गाणं पोस्टकार्डावर लिहून कळवायचं आणि आपलं नाव, गावाचं नाव लागतंय का म्हणून आठवडेच्या आठवडे कान देऊन बसायचं. हे 'शेअर' करणंच होतं की. आपल्याला आवडलेलं गाणं आपल्या नावानं साऱ्या मुलखाला ऐकवायचं. पण कार्ड लिहायला अक्षर लागतं, आणि त्या काळात आपल्याकडं किती आयाबायांना लिहिता येत होतं? कार्ड पोरगा लिहायचा. बायकोचं नाव शेवटी, "आणि घरची मंडळी" असं. रेडिओचं बटणही बापाच्या हातात. बातम्या आल्या की गाणं बंद. बाई चुलीजवळून ऐकायची. ऐकायला मिळालं हे खरं, पण निवडायला मिळालं नाही.

कॅसेट भरून घेण्याचे दिवस

चौथं साधन म्हणजे टेप. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि प्रत्येक मोंढ्याजवळ, बसस्टँडसमोर "गाणी भरून मिळतील" अशी पाटी लागली. रेडिओवर जे लागेल ते ऐकावं लागायचं. कॅसेटवर आपल्याला हवं ते, हवं तितक्या वेळा. घासून घासून फीत गुंतली तर पेन्सिल घालून गुंडाळायची.

या काळातली आपली सगळ्यात मोठी हसवणारी ठेव म्हणजे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ मध्ये हा एकपात्री प्रयोग सुरू केला. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं वऱ्हाड विमानात बसून लंडनला लग्नाला निघतं एवढीच गोष्ट. पण एकटा माणूस, खांद्यावर एक उपरणं, आणि ५२ पात्रं. म्हातारी तोच, नवरदेव तोच. गिनीज बुकात या प्रयोगाची नोंद झाली. देशपांडे २००९ मध्ये गेले, पण त्यांचं वऱ्हाड कॅसेटवर, मग सीडीवर, आणि आता मोबाईलवर अजून निघतंच आहे.

यात आपल्या कामाची गोष्ट कुठली? तोवर नाटक-सिनेमात आपली बोली आली की ती गड्याच्या, मोलकरणीच्या तोंडी. शहरातल्यांनी तिला हसावं म्हणून. देशपांड्यांनी ती बोली आख्ख्या गोष्टीची मालकीण केली. आपण स्वतःला हसलो, पण मान खाली घालून हसलो नाही. आपल्या माणसानं आपल्यावर केलेला विनोद आणि दुसऱ्यानं आपली केलेली टिंगल यातला फरक त्या कॅसेटनं मराठवाड्याला दाखवला.

दुसऱ्या बाजूला प्रल्हाद शिंदे यांचा आवाज होता. त्यांची विठ्ठलाची गाणी देवळाच्या भोंग्यावर आणि भीमगीतं बुद्धविहारात, असा एकच गळा दोन्हीकडे वाजला. वामनदादा कर्डकांची गाणी गायनपार्ट्यांमधून आणि कॅसेटवरून वस्त्यावस्त्यांत गेली. ज्या वस्तीला कुणी व्यासपीठ दिलं नव्हतं तिनं कॅसेटला आपलं व्यासपीठ केलं.

याच कॅसेटची एक गोष्ट आपल्या शेजारची आहे. उदगीरहून बिदर, आणि बिदरच्या पुढे जहीराबाद. तिथल्या माचनूर गावात गरीब दलित शेतकरी बायकांच्या संघमनं १९९८ मध्ये रेडिओसाठी जागा बांधली. पण सरकारची परवानगी नव्हती. या बाया थांबल्या नाहीत. त्यांनी आपली गाणी, बियाण्यांची माहिती, गप्पा कॅसेटवर भरल्या आणि त्या गावोगावच्या संघमच्या बैठकीत वाजवल्या. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं होतं. तरी गावच्या संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची मुभा मिळायला २००६ उजाडलं. १५ ऑक्टोबर २००८ ला माचनूरचा संघम रेडिओ हवेत गेला. तो चालवणाऱ्या दोघींचं नाव एकच, नरसम्मा. आपल्याकडे त्याच सुमाराला सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी रेडिओ सुरू झाला. म्हणजे जात्यानंतर पहिल्यांदाच साधन पुन्हा बायकांच्या हातात आलं. आज मी तुमच्याशी बोलते आहे ते याच वाटेनं.

मेमरी कार्ड ते स्वस्त नेट

मग मोबाईल आला. सुरुवातीला नेट महाग होतं. म्हणून कॅसेटवाल्याच्याच दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. गाणी, भजनं, विनोद, लग्नाच्या नाचाचे व्हिडिओ. पण त्या दुकानात कोण जायचं? पोरं आणि बाप्ये. काय भरायचं ते तेच ठरवायचे. मोबाईल घरात आला तरी निवड घरात आली नव्हती.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि चित्र पालटलं. 'चला हवा येऊ द्या'मधला आवडता तुकडा टीव्हीची वेळ सांभाळत बसल्याशिवाय शेतात पाहता येऊ लागला. गावच्याच माणसांनी गावाच्याच गोष्टींवर मालिका काढल्या. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमनबाई धामणे नातवाच्या मदतीनं 'आपली आजी' म्हणून चुलीवरचा स्वयंपाक दाखवू लागल्या आणि लाखो लोक तो पाहू लागले. गोदावरीच्या पलीकडे तेलंगणात जगित्याल जिल्ह्यातल्या गंगव्वा तर शेतमजुरी करणाऱ्या. त्यांच्या रोखठोक बोलण्यानं तेलुगू मुलूख हसवला.

मला यातली सगळ्यात जवळची वाटते ती कडूबाई खरात. औरंगाबादची ही विधवा बाई एकतारी घेऊन दारोदार भीमगीतं गायची. कुणीतरी मोबाईलवर तिचं गाणं भरून घेतलं, पुढे पाठवलं, आणि बघता बघता तो आवाज महाराष्ट्रभर गेला. लोकांनी विचारलं, ही कोण? कुठली? नाव शोधून काढलं आणि तिला मंचावर बोलावलं. एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाणाऱ्या व्हिडिओनं एका बाईला मान मिळवून दिला.

राईनपाड्याचा दिवस

आता दुसरी बाजू. सांगताना जीभ जड होते, पण सांगायलाच पाहिजे.

२०१८ मध्ये देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघं जण गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. खाली लिहिलेलं असायचं, मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध रहा. मुळात ती पाकिस्तानातल्या कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना जागं करण्यासाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात, की मूल पळवायला एक क्षण पुरतो. कुणीतरी तो शेवट कापला. शेवट कापलेला व्हिडिओ घराघरात गेला. पाठवणारे वाईट होते का? बहुतेक आयाबाप होते. लेकरांच्या काळजीनं पाठवत होते.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे पाच जण तिथं आले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारे म्हणून जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि पाचही जणांना ठार मारलं.

मैत्रिणींनो, ती माणसं ध्यानात ठेवा असं मी मघाशी म्हटलं होतं. ज्यांच्या वाडवडिलांनी झोळी घेऊन गावोगाव गाणं आणि गोष्ट पोहोचवली त्यांच्याच लेकरांना मोबाईलवरच्या अफवेनं मारलं. दारात येणारा गोसावी ओळखायची आपली सवय गेली होती आणि पडद्यावर येणाऱ्या अनोळखी व्हिडिओवर आपला विश्वास बसला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच जागी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. पण कंपनीची मर्यादा किती पुरणार?

कडूबाईचं गाणं आणि तो कापलेला व्हिडिओ दोन्ही एकाच वाटेनं गेले. एकाच बोटानं पुढे ढकलले गेले. फरक कुठं होता? कडूबाईच्या गाण्यात गाणारीचा चेहरा समोर होता, गाणं तिचं होतं, आणि लोकांनी तिचं नाव विचारलं. त्या व्हिडिओला नाव नव्हतं, गाव नव्हतं, शेवट नव्हता. आणि कुणी विचारलंही नाही.

आपल्या हातातलं

अजून मोबाईल आपल्या सगळ्यांच्या हातात आला आहे असंही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका शंभरात सुमारे २५ होत्या आणि पुरुष सुमारे ४९. म्हणजे रेडिओच्या बटणाची गोष्ट पुरती संपलेली नाही. म्हणून जिच्या हातात मोबाईल आहे तिची जबाबदारी थोडी जास्त. ती जे दाखवेल ते बाकीच्या चौघी पाहणार आहेत.

मग काय करायचं? हसणं बंद करायचं? मुळीच नाही. दिवसभर शेतात राबून आल्यावर हसायला काय हरकत आहे? आपल्या आज्यांची रीत तेवढी परत आणायची. ओवी देताना त्या कुणाकडून आली ते सांगायच्या. आपणही पाठवताना लिहावं किंवा बोलून सांगावं, हे कुणाचं आहे, कुठलं आहे, मला कुणी दिलं. ज्याचं हे सांगता येत नाही आणि जे पाहून कुणाचा तरी राग येतो, भीती वाटते, ते आपल्याजवळच थांबवावं. तुकडा अर्धा वाटला तर पूर्ण शोधावा. आणि ज्या व्हिडिओत एखाद्या बाईची, एखाद्या जातीची, एखाद्या वेडसर माणसाची फजिती आहे, तिथं थांबून बघावं की तो माणूस आपल्यासोबत हसतोय का, का आपण सगळे मिळून त्याला हसतोय.

आणि एक काम यंदाच्या पंचमीचं. तुमच्या गावात अजून एखादी म्हातारी असेल जिला जात्यावरच्या ओव्या, विहिणीला चिडवायची गाणी, जुने उखाणे येतात. तिच्याजवळ बसा. आधी विचारा, "माय, भरून घेऊ का? लोकांना ऐकवू का?" ती हो म्हणाली तरच भरा. सुरुवातीला तिलाच तिचं नाव आणि गाव सांगायला लावा. मग ते गटावर टाका, आम्हालाही पाठवा. आम्ही ते या रेडिओवर तिच्या नावानिशी वाजवू.

फर्माईशीच्या कार्डावर तिचं नाव "घरची मंडळी" म्हणून शेवटी गेलं होतं. या वेळी ते पहिलं असू द्या.